गोठलेल्या उंदरांची तक्रार

नागपंचमीच्या दिवशी आमच्या घरी काही चिरीत नाहीत, काही तळीत नाहीत, आणि तवाही चुलीवर चढत नाही. मातीच्या नागोबाला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवावा, पुरणाची वाफवलेली दिंडे खावीत आणि सर्पकुळाशी वर्षभराचा सलोखा करून घ्यावा, ही बेळगावातली आमच्या घरची चार पिढ्यांची रीत आहे. शाळेत मात्र दर श्रावणात आम्ही मुलांना सांगत आलो आहोत, की बाळांनो, सापाला दूध पचत नाही. तो उंदीर, बेडूक, पक्ष्यांची अंडी अशा आहारावर जगतो. परंतु या उंदरांचाही कोठे रीतसर बाजार भरत असेल, त्यांचे लहान, मध्यम, मोठे असे नग पाडून भाव ठरत असतील, आणि त्या मालाच्या प्रतीवरून उद्भवलेल्या तंट्याचा मसुदा तपासायला आम्हांस बसावे लागेल, असे मात्र आमच्या स्वप्नातही आले नव्हते.

त्याचे असे झाले. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या बरीच वर्षे इंग्लंडमध्ये स्थायिक आहे. तिच्या आग्रहावरून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. घरात तिचे यजमान, बारा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. शिवाय मुलाच्या खोलीत, काचेच्या पेटीत, आणखी एक प्राणी होता. केशरी रंगाचा, तांबड्या ठिपक्यांचा, हातभर लांबीचा साप! इंग्रजीत याला कॉर्न स्नेक म्हणतात. हा मूळचा अमेरिकेचा, बिनविषारी, स्वभावाने शांत. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगणारा. मुलाने त्याचे नाव 'केशर' ठेवले होते. "काकाआजोबा, तुम्ही हात लावून पाहा ना," असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला. आम्ही दुरूनच नमस्कार केला. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र धैर्याने एक बोट लावले आणि 'रेशमासारखी आहे की ही' असा निर्वाळा दिला.

या केशरचे जेवण तिकडे गोठवलेल्या स्वरूपात विकत मिळते. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत, आणि उद्या एखाद्या नातवाचे असलेच पत्र यायचे. म्हणून हा व्यवहार थोडा सविस्तर सांगतो.

पाळीव सापांसाठी उंदीर मुद्दाम पैदास करून वाढवतात आणि बहुधा कर्बवायूने मारून तत्काळ गोठवतात. जिवंत उंदीर सापापुढे सोडणे तिकडे गर्ह्य मानले जाते. २००६ च्या तेथील प्राणिकल्याण कायद्यान्वये प्राण्याला विनाकारण यातना देणे हा गुन्हा आहे, हे एक कारण. आणि कोंडलेला उंदीर जिवाच्या आकांताने सापालाच चावे घेतो, कधी कधी त्यास गंभीर जखमी करतो, हे दुसरे. उंदरांची वर्गवारी वयावर आणि वजनावर ठरते. नुकती जन्मलेली, अंगावर लव नसलेली गुलाबी पिल्ले सर्वांत लहान. त्यांस 'पिंकी' म्हणतात. त्यांचे वजन ग्रॅम-दोन ग्रॅमच भरते. मग लव फुटलेली पिल्ले, मग लहान, मध्यम, मोठे आणि अतिमोठे उंदीर, अशी चढती भाजणी. सापाच्या देहाचा सर्वांत जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर द्यावा, असा ठोकताळा आहे. वाढत्या सापाला आठवड्याला एक, पुरता वाढलेल्याला दहा ते चौदा दिवसांनी एक. म्हणजे चतुर्थी-एकादशी धरणाऱ्या आमच्या घरातील वडीलधाऱ्यांपेक्षाही त्याचे उपवास कडक!

माल घरी येतो तो थर्माकोलच्या पेटीत, बर्फाच्या थैल्या किंवा कोरडा बर्फ घालून. पेटी हाती येताच उघडावी आणि उंदीर दगडासारखे कडक आहेत की नाहीत ते पाहावे. कडा किंचित नरम झाल्या असल्या आणि गाभा घट्ट असला, तर लगेच गोठवणपेटीत ठेवून काम भागते. परंतु एकदा पुरते वितळलेले उंदीर पुन्हा गोठवू नयेत. मांस नासण्याची क्रिया पोटातून सुरू होते. पोट फुगते, हिरवट दिसते, वास मारतो. पिशवीतले सारे नग एकमेकांस चिकटून एक गोळा झाला असेल, आणि तळाशी रक्ताचा बर्फ साठला असेल, तर तो माल वाटेत कोठे तरी वितळून पुन्हा गोठला आहे असा संशय धरावा. खायला देताना आदल्या रात्री शीतकपाटात ठेवून किंवा पिशवीसकट कोमट पाण्यात बुडवून उंदीर हळूहळू वितळवतात, आणि शेवटी गरम पाण्याने त्याच्या अंगास ऊब आणतात. मायक्रोवेव्हच्या भट्टीत घालणे सर्वथा वर्ज्य.

आणखी एक गोष्ट गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोठवल्याने सालमोनेला हे जंतू मरत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१५ पासूनच्या काही वर्षांत या जंतूच्या एका विशिष्ट जातीने आठशेहून अधिक माणसे आजारी पडली. त्यात लहान मुलांचा भरणा मोठा होता, आणि त्याचा माग सापांसाठी आणलेल्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत लागला. त्यापायी २०२२ साली लिथुआनियातून येणाऱ्या अशा मालाची आयात तेथील सरकारने थांबवली. म्हणून हे उंदीर माणसांच्या अन्नापासून वेगळ्या पेटीत ठेवावेत, त्यांची भांडी आणि चिमटे निराळे असावेत, हात साबणाने धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांस त्या कामाजवळ फिरकू देऊ नये, असा तेथील आरोग्यखात्याचा सांगावा आहे. आमच्या पुतणीने याकरिता मोटारीच्या खोलीत एक छोटी निराळी गोठवणपेटी ठेवली होती. स्वयंपाकघरातील मोठ्या पेटीत तिचा खवलेला नारळ, सोललेले वाटाणे आणि बेळगावाहून आम्ही नेलेला कुंदा. दोन्ही पेट्यांत बेटीव्यवहार नव्हता.

आता मूळ प्रकरण. तिकडे मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते. त्या सुट्टीला जोडून आम्ही सारे शुक्रवारी सकाळी दुसऱ्या गावी थोरल्या बंधूंकडे गेलो आणि सोमवारी रात्री परतलो. मंगळवारी सर्व सुरळीत. बुधवारी केशरला जेवण मिळाले. शुक्रवारी सकाळी मुलाच्या खोलीतून हाक आली. केशरने गिळलेला उंदीर अर्धवट पचलेल्या स्थितीत ओकून टाकला होता.

सापाने ओकणे ही साधी गोष्ट नव्हे. त्याच्या पोटातील पाचक रस आणि पाणी त्याबरोबर निघून जाते, आणि असे दोन-तीनदा घडले तर तो खंगून मरतो. पुतणीने लागलीच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वैद्याकडे नेले. त्यांनी सांगितले, की दहा-चौदा दिवस काहीही खायला देऊ नका, हाताळू नका, स्वच्छ पाणी ठेवा, पेटीतली ऊब सांभाळा. त्यानंतर नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. ओकण्याचे कारण विचारता ते म्हणाले, की उंदीर नासका असेल, आकाराने मोठा असेल, पेटीत ऊब कमी पडली असेल, किंवा जेवल्यावर कोणी उचलून घेतले असेल. यांपैकी नेमके कोणते, ते आज सांगता येत नाही.

घरी आल्यावर मुलगा फणकाऱ्याने म्हणाला, "त्या दुकानदाराने सडका माल पाठवला. त्याला लिहायचेच. काकाआजोबा, तुम्ही हेडमास्तर आहात, तुम्ही मला पत्र लिहून द्या." वडिलांनी दुजोरा दिला. पंचवीस पौंडांचे पन्नास उंदीर होते, शिवाय वैद्याचे पैसे निराळे. आम्हीही चष्मा पुसून कागद पुढे ओढला. तक्रारअर्जाचे मसुदे करण्यात आमची हयात गेली आहे. शाळेचे छप्पर, बाके, माध्यान्ह भोजनाचे धान्य यांविषयी आम्ही लिहिलेले अर्ज एकत्र बांधले तर एक ग्रंथ होईल.

अर्ज लिहिताना आमची पद्धत अशी, की प्रथम तारखा मांडायच्या. म्हणून विचारले, "माल कोणत्या दिवशी आला?"

"मंगळवारी," तो म्हणाला.

"कोणी घेतला?"

यावर उत्तर आले नाही. मुख्याध्यापकाला बारा वर्षांच्या मुलाचे मौन वाचता येते, त्यासाठी एम.ए. व्हावे लागत नाही. आम्ही कागद बाजूला सारला आणि म्हणालो, "चल बाळ, जरा बागेत फिरून येऊ."

बागेच्या टोकाशी अवजारांचे एक खोपटे होते. त्याच्या दाराशी उभे राहून त्याने सारे सांगितले. माल शुक्रवारीच दुपारी आला होता. मागणी नोंदवताना, वडिलांच्या अनुमतीने, यानेच 'घरी कोणी नसल्यास खोपट्यात ठेवावे' या रकान्यात खूण केली होती. आपण गावाला जाणार आहोत, हे तो विसरला. सोमवारी रात्री सर्व निजल्यावर विजेरी घेऊन तो गेला, तो पेटीतला बर्फ पाणी होऊन गेलेला आणि उंदीर मऊ पडलेले. आई रागावेल या धास्तीने त्याने पिशव्या तशाच मोटारीच्या खोलीतील पेटीत नेल्या. तिचे झाकण बसेना, म्हणून त्यांतल्या दोन स्वयंपाकघरातील मोठ्या पेटीत, वाटाण्यांच्या मागे दडवल्या. बुधवारी त्यांपैकीच एक उंदीर केशरला दिला. "तो बरा दिसत होता," एवढेच तो म्हणाला, आणि मग रडू लागला. "केशर मेली तर?"

आम्ही त्यास लगेच आत नेले आणि आईस सर्व सांगण्यास सांगितले. कारण वाटाण्यांच्या मागच्या पिशव्या ही केवळ सापाची बाब राहिली नव्हती. घरात चार वर्षांची पोर होती. पुतणीचा चेहरा पांढरा पडला. ती काही बोलली नाही. त्या पेटीतला नारळ, वाटाणे, भाज्या सर्व काही तिने कचऱ्यात घातले, आमचा कुंदाही गेला, आणि पेटी जंतुनाशकाने दोनदा पुसून काढली. पुढचे आठ दिवस धाकटीला जरा पोट दुखले म्हणाली की सर्वांचे प्राण कंठाशी येत. दैव बलवत्तर म्हणून काही झाले नाही.

त्या रात्री जेवणानंतर पुन्हा तक्रारीचा विषय निघाला. पुतणीचे यजमान व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, "काका, माल खोपट्यात होता हे दुकानदाराला कोठे ठाऊक आहे? माल वितळलेला आला, एवढेच लिहू. हे व्यापारी पैसे परत देतात, त्यांना सवय असते." त्यांच्या मनात कपट नव्हते, वाणसामानाच्या बाबतीत आपण सगळेच थोडेफार असे करतो. परंतु मुलगा आमच्याकडे पाहत होता.

आम्ही म्हणालो, "आधी माल पाहू, मग काय लिहायचे ते ठरवू." हातमोजे घालून पाचही पिशव्या पाहिल्या. प्रत्येकीत दहा नग. मागणी सगळी 'लहान' उंदरांची होती. चार पिशव्यांवर तशी चिठ्ठी होती, पाचवीवर मात्र 'मध्यम' असे छापलेले. बुधवारचा उंदीर या पाचव्या पिशवीतला निघाला. म्हणजे मालात दोन दोष होते. एक, माल वितळला, त्यात आमचा हात होता. दुसरा, एक पिशवी भलत्याच मापाची निघाली, ती चूक सर्वस्वी दुकानदाराची.

तेथील कायदा जावयांनी समोर आणून वाचून दाखवला. २०१५ च्या ब्रिटिश ग्राहकहक्क कायद्याप्रमाणे माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, प्रत समाधानकारक असली पाहिजे, आणि ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत वाटेतली जोखीम विक्रेत्याची असते. सदोष माल नाकारण्यास साधारणतः तीस दिवसांची मुदत आहे. नाशवंत मालास ती माल टिकण्याच्या काळापुरतीच आखूड होते. 'चोवीस तासांत कळवले नाही तर तक्रार चालणार नाही' अशी अट दुकानदाराने आपल्या पत्रकावर छापली होती. परंतु कायद्याने दिलेला हक्क अशा छापील अटीने बुडत नाही. मात्र, नाशवंत माल केवळ मन बदलले म्हणून परत करता येत नाही. आणि आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा असा, की माल कोठे ठेवावा हे आपणच लिहून दिल्यावर, तेथे तो बेवारशी पडून राहिल्याचा दोष दुसऱ्यावर टाकायला तोंड राहत नाही.

मग आम्ही मुलास म्हणालो, "पत्र तू लिही. जे पाहिलेस ते एका परिच्छेदात, जे तुला वाटते ते दुसऱ्यात, आणि जे मागायचे ते शेवटी एका ओळीत. पाहिलेले आणि वाटलेले यांची मिसळ करू नकोस."

त्याने चार वेळा कच्चे लिहिले. पाचव्या प्रतीत मजकूर असा होता: मागणीची तारीख आणि क्रमांक, माल शुक्रवारी आमच्या सूचनेप्रमाणे खोपट्यात ठेवला गेला, आम्ही सोमवारी रात्री पाहिला, तेव्हा वितळलेला होता, ती आमची चूक, पाच पिशव्यांपैकी एकीवर 'मध्यम' अशी चिठ्ठी आहे, छायाचित्र सोबत जोडले आहे, त्या पिशवीतला एक उंदीर खाऊन माझा साप ओकला, परंतु कारण आकार की वितळणे हे वैद्यही सांगू शकले नाहीत, म्हणून त्याबद्दल मी काही मागत नाही, चुकीच्या एका पिशवीची किंमत परत मिळावी. खाली सही.

वडिलांनी पत्र वाचले, थोडा वेळ गप्प बसले, आणि 'पाठव' म्हणाले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. दुकानदाराने एका पिशवीची किंमत, पाच पौंड, बिनशर्त परत केली होती. पुढे त्याने लिहिले होते, की सुट्टीच्या आठवड्यात गुरुवारी नाशवंत माल पाठवू नये असा आमचाच नियम आहे, तो या वेळी पाळला गेला नाही; सबब उरलेल्या चार पिशव्यांची निम्मी किंमत, दहा पौंड, परत देत आहोत; आणि ते वितळलेले उंदीर कृपया कोणत्याही सापास घालू नका. उरलेले दहा पौंड मुलाने आपल्या खाऊच्या पैशांतून वडिलांना दिले; वैद्याचे पैसे वडिलांनी सोसले. सगळे उंदीर दुहेरी पिशवीत बांधून टाकून दिले.

केशरचा उपवास पंधरा दिवस चालला. मुलगा रोज शाळेतून येऊन काचेपाशी बसे. पण पेटीचे झाकण उघडीत नसे. आमच्या निघण्याच्या चार दिवस आधी त्याने नव्या मालातले एक लहानसे पिल्लू ऊब देऊन चिमट्याने पुढे धरले. तिने बराच वेळ जीभ चाळवली, मान मागे घेतली, आणि एकदम झडप घातली. पुढले तीन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. ते पिल्लू तिला पचले. आम्ही विमानात बसलो तेव्हा केशर जिवंत आणि तुकतुकीत होती.

आता आपल्याकडील गोष्ट. आपल्या देशात कोणताही देशी साप, मग ती निरुपद्रवी धामण का असेना, घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणा बालवाचकाने पावसाळ्यात परड्यातला साप बरणीत भरू नये. घरात साप निघाल्यास वनखात्यास वा जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. परंतु नाशवंत मालाचे तंटे आपल्यालाही चुकलेले नाहीत. कोकणातून आंब्याची पेटी येते, वरचा थर सोन्यासारखा आणि खालचा काळा. गोठवलेली मासळी येते, ती घरी पोचेतो मऊ. अशा वेळी आपण बहुधा दोनच गोष्टी करतो: दुकानदाराच्या नावाने गल्लीभर शंख करतो, किंवा 'जाऊ द्या' म्हणतो.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार देता येते, मग विक्रेता कोठलाही असो. मालासाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. पण आयोगापर्यंत जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. माल आल्याबरोबर उघडावा, मोजावा, चिठ्ठी वाचावी, छायाचित्र घ्यावे, त्याच दिवशी लिहावे, आणि आपल्याकडून काही चुकले असल्यास तेही लिहावे. शेवटची गोष्ट लिहिताना हात अडखळतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. शाळेच्या एका धान्याच्या तक्रारीत पोती दोन दिवस ओसरीवर राहिली होती, हे आम्ही लिहिले नव्हते. ती पोती बदलून मिळाली. पुतणीच्या बागेतल्या खोपट्यापाशी तो मुलगा रडत होता, तेव्हा आम्हांस ती ओसरी आठवत होती, हे येथे नमूद करून ठेवतो.

परवा त्याचे पत्र आले आहे. केशरने कात टाकली. ती अखंड उतरली, म्हणजे प्रकृती उत्तम. कातीचा एक तुकडा त्याने लखोट्यात घालून पाठवला आहे. सौभाग्यवतींनी तो देवघरात, मातीच्या नागोबाच्या पाटाशेजारी, पंचमीपर्यंत जपून ठेवला आहे.